ताईच्या हाताची वाव

माझ्या धाकट्या भावाला आता सगळे मोठे साहेब म्हणतात. म्हणू देत बापडे. गावानं त्याचं नाव वीतभर ठेवलं होतं, आणि उंचीच्या बाबतीत ते आजही खोटं ठरलेलं नाही. बंदरातली जहाजं त्याच्या दोरांनी बांधलेली असतात, खाणीतले पाळणे त्याच्या पोलादी तारांवर वरखाली होतात. वर्तमानपत्रं लिहितात की हे सगळं कष्ट, जिद्द आणि दूरदृष्टीवर उभं राहिलं. असेल. माझं म्हणणं एवढंच, की ते माझ्या हातांवर उभं राहिलं, आणि हे मी अलंकारिक बोलत नाही.

आमच्याकडे जमिनीचा तुकडा नव्हता. दुसऱ्यांच्या बांधावरचं घायपात कापायचं, ठेचायचं, धुऊन वाळवायचं आणि दोर वळायचे, हा धंदा. वडील लवकर गेले. आई दोर वळायची आणि आम्ही दोघं भावंडं ते बाजारात नेऊन विकायचो. बाजारात दोर वावेवर विकला जायचा. वाव म्हणजे दोन्ही हात ताठ पसरले की या टोकाच्या बोटापासून त्या टोकाच्या बोटापर्यंतचं अंतर. आता हात कोणाचे? तर विकणाऱ्याचे. त्यामुळे प्रत्येक दोरवाला घरातलं सगळ्यांत आखूड माणूस मापाला बसवायचा. कुणाचे आजोबा, कुणाची वाकलेली काकू. आमच्याकडे तर वीतभर होता. आई त्याच्या हातांकडे बघून समाधानानं मान हलवायची.

मी मात्र ताडमाड. मला आईची ताकीद होती, की ओझं उचल, ओरडून गिऱ्हाईक बोलाव, पण दोराच्या मापाला हात लावू नकोस.

एका बाजाराच्या दिवशी वीतभराच्या काखेत गळू झालं. हात वर होईना. नाइलाजानं मापाला मी उभी राहिले. पहिली वाव घातली आणि समोरच्या बाईचे डोळेच विस्फारले. ती जाऊन तिच्या जावेला घेऊन आली, जाऊ दिराला घेऊन आली, आणि दुपार व्हायच्या आत आमचा दोर संपला.

घरी आईनं मला फैलावर घेतलं. "दोर विकलास की वाटलास?"

वीतभर काख सांभाळत बसला होता. तो म्हणाला, "आई, पुढच्या बाजारालाही ताईच मोजेल."

"आणि आपण खायचं काय? वारा?"

"एरवी निम्मा दोर पाठीवर परत येतो. आज काही परत आलं का?"

आईला ते पटलं नाही, पण गळू फुटेपर्यंत दुसरा इलाजही नव्हता. पुढे गळू बरं झालं, तरी त्यानं मापाला पुन्हा म्हणून हात लावला नाही. बाकीचे दोरवाले आम्हाला हसले. गिऱ्हाईक आमच्याकडे वळलं तसं त्यांचं हसू आटलं.

लोक ताईच्या वावेचा दोर मागू लागले. पत्र्याची शेड झाली, शेडमध्ये यंत्र आलं. तेवढ्यात माझं लग्न ठरलं आणि धंद्याची पंचाईत झाली, कारण माप सासरी निघालं होतं. वीतभर मला लोहाराकडे घेऊन गेला. मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, हात पसरायला लावले आणि लोहारानं बोटांच्या टोकांशी कोळशानं खुणा केल्या. त्या मापाचा लोखंडी गज तयार झाला. पुढे शहरात दुकान निघालं, कारखाने निघाले, एक जळाला, वीतभरानं तो राखेतून परत उभा केला. त्याचं श्रेय मी घेत नाही. पण प्रत्येक कारखान्यात त्या गजाची नक्कल गेली, आणि गुंडाळीच्या वेष्टनावर हात पसरलेली बाई आली. चित्रकारानं नाक सुधारून दिलंय, बाकी ती मीच.

कंपनीत माझा हिस्सा आहे, म्हणून बैठकीला मला बोलावतात. चहा बरा असतो. गेल्या बैठकीत माझा भाचा, म्हणजे वीतभराचा मुलगा, पडद्यावर आकडे दाखवत उभा राहिला. बाहेरून शिकून आलाय, गुणी आहे, पण उंटावरचा शहाणा. त्याचं म्हणणं, आपण प्रत्येक गुंडाळीत इतरांपेक्षा जास्त दोर देतो, ते माप कापायचं.

"आत्या, आता कोण मोजतंय?"

"मी मोजतेय," मी म्हटलं.

तो हसला. मला हसण्याचा राग नाही आला, कापण्याचा आला. या एवढ्या मोठ्या पसाऱ्यात माझं म्हणून काय होतं? तेवढं माप. ते गेलं की मी वेष्टनावरची कुठलीतरी बाई. मी ताडकन उठले. "काढ तो गज कपाटातून. लाव माझ्या हातांना. मग कर हिंमत कापायची."

गज आणला. मी भिंतीला टेकून हात पसरले. सगळी सुटाबुटातली मंडळी बघत होती. आणि गज माझ्या बोटांच्या पुढे गेला. चांगला चार बोटं.

"म्हातारपणी माणूस आखडतं," मी म्हटलं.

"पाठ आखडते, आत्या. हातांची हाडं नाही." भाचा खुशीत आला होता. "म्हणजे माप पहिल्यापासूनच चुकलंय. चूक सुधारण्यात वावगं काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर ज्याच्या जिवावर मिरवले, तो गज माझा नव्हताच. मी हात खाली घेतले आणि खुर्चीत येऊन बसले.

वीतभर टेबलाच्या टोकाला बसला होता. तो म्हणाला, "चूक नाही ती. चार बोटं जास्त ठेवायला लोहाराला मीच सांगितलं होतं."

"का?" भाच्यानं विचारलं.

"अरे, ही सासरी चालली होती. बाजारात कुणी म्हणायला नको, की ताई गेली आणि माप घटलं."

भाच्यानं पडद्यावरचे आकडे बंद केले.

"मला कधी बोलला नाहीस," मी म्हटलं.

"बोललो असतो तर गेली असतीस का तू?"

सासरी जाताना मी रडले नव्हते. मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं, आणि हा येडा एवढासा दारात उभा होता. त्या दिवशी मात्र भर बैठकीत, परक्या माणसांसमोर, मी हमसून हमसून रडले. वीतभर खुर्चीवरून उतरून माझ्या शेजारी आला, आणि कुणाचंच माझ्याकडे लक्ष जाऊ नये म्हणून मोठ्या आवाजात म्हणाला, "माप तेच राहील. पुढचा विषय घ्या."