पाचव्या दिवशी आलेला फोन

वहिनीच्या आईचा फोन मीच घेतला होता. भट्टी पेटल्याचा पाचवा दिवस. सकाळी भट्टीवर न्यायला मी भाताचे मुटके वळत होते. त्सुयामाच्या हॉस्पिटलातून म्हातारी स्वतःच बोलली, अगदी खोल गेलेल्या आवाजात. डॉक्टरांनी दोन दिवस सांगितलेत, माझ्या इकुयोला एकदा पाठव, म्हणाली.

मी जाऊन दादाला सांगितलं. आमचा तोकुजीदादा इम्बे गावातला नावाजलेला कुंभार, पण जाळ कळायचा तो वहिनीला. चहाच्या वाडग्यांवर राख नीट बसून रंग चढायला पाईनचं लाकूड कधी सारायचं, हे ती धुराच्या रंगावरून ओळखायची. दादाला ते वीस वर्षांत जमलं नव्हतं.

हातातली मोळी सोडवत तो म्हणाला, "भट्टी बंद होईपर्यंत तिच्याजवळ बोलू नकोस. म्हातारी चिवट आहे."

बंद व्हायला अजून पाच दिवस होते. मी रोज वहिनीला जेवण नेऊन देत होते. एकदा तिने विचारलं, आईचा फोन नाही का आला? मी नाही म्हटलं.

दहाव्या दिवशी भट्टीचं तोंड लिंपून झाल्यावर दादा तिला म्हणाला, "तुझी आई मंगळवारी गेली. आता सावकाश जाऊन ये."

जाळाने वहिनीच्या भुवया करपल्या होत्या. बराच वेळ ती मनगटावरचा चिखल खरवडत राहिली. "आजारी आहे हे तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं. दादा उरलेली लाकडं रचायला वळला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मला मान वर करवेना.

आठवड्याने ती परतली, तेव्हा भट्टी उघडली होती. असे वाडगे आमच्या घरात कधी उतरले नव्हते. क्योतोहून चहाविधीचे एक वृद्ध गुरू आले. त्यांनी त्यातला एक निवडला, आणि वहिनीने त्यातच गरम पाण्यात चहाची हिरवी पूड घुसळून त्यांच्यापुढे ठेवला. मग दादासमोरच, शांतपणे म्हणाली, "हा भाजत होता तेव्हा माझी आई माझी वाट बघत मेली. मला यांनी कळू दिलं नाही."

गुरुजींनी चहा संपवला. वाडगा उजेडात फिरवून पाहिला.

"तरीच," ते म्हणाले. "नुसत्या लाकडाने असा रंग येत नाही."

दादाने कौतुक झाल्यासारखी मान लववली. वहिनीने वाडगा धुतला, पुसला, कापडात गुंडाळून पेटीत ठेवला.

गुरुजींना गाडीने स्टेशनवर सोडायला मी गेले. वाटभर त्यांनी पेटी मांडीवर धरली होती.