आत्याच्या डाव्या हाताशी

मी एक जुना अँप्लिफायर आहे, आणि मित्रांनो, गाणं छान आहे की रटाळ, यावर मी आजवर कधीही मत दिलेलं नाही. आत आलेला बारीक आवाज धष्टपुष्ट करायचा आणि स्पीकरकडे रवाना करायचा, एवढंच माझं काम. ही हकिकतही मी तशीच सांगणार आहे. पदरचं काही घालणार नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या एका टोकाला मी नुसता पत्र्याचा डबा होतो. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत माझ्या पोटात तारा आल्या, एक वजनदार ट्रान्सफॉर्मर आला आणि पुढे आवाजाचं मोठं गोल बटण बसलं. शेवटच्या खुर्चीवरच्या बाईने ते बटण पूर्ण फिरवून बघितलं, कान लावला, "हा बरा आहे" म्हणाली आणि मला थर्माकोलमध्ये बसवलं. ही माझी पहिली स्तुती. पुढे याहून मोठी मिळेल असं वाटलं होतं, पण यंत्रांना साधारण इतपतच मिळते.

मला विकत घेतलं आत्याने. आत्या म्हणजे या घरातल्या बाबांची मोठी बहीण. ती पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायची आणि तिची हाक पाण्याखालीसुद्धा ऐकू येते, अशी तिची ख्याती होती. दुकानातून तिने मला खांद्यावर टाकलं आणि थेट जिना चढून वर आणलं. बाबा तेव्हा कॉलेजात होते.

"ताई, हमाल करायचा ना," ते म्हणाले.

"हमाल कशाला? तू आहेस की. स्पीकर खाली राहिलेत, घेऊन ये."

तेव्हापासून मी या घरात आहे. तलावावरून आली की केस पुसता पुसता आत्या माझं बटण फिरवायची. कॅसेट आल्या, गेल्या. सीडी आल्या. जे जोडलं ते मी वाजवलं. बाबांचं लग्न झालं, आई या घरात आली, मग मुलगी झाली. ती एका जागी बसत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. भिंगरी माझ्यासमोर नाचायला शिकली. शेजारच्या काकू भिंतीवर थापा मारायच्या. तीही दादच म्हणायची.

मग आत्याला अर्धांगवायूचा झटका आला.

दवाखान्यातून ती परत आली तेव्हा तिचा उजवा हात तिचं ऐकत नव्हता आणि जीभ जड झाली होती. शब्द यायचे, पण कडा झिजलेले, एकमेकांत विरघळलेले. मी इथे तिची वाक्यं सरळ सांगतो आहे, ती तुमच्या सोयीसाठी. बोलायचा सराव करून घ्यायला एक बाई येत असत. त्यांनी दारात चप्पल घालता घालता बाबांना सांगितलं, "औषध एकच. त्यांना बोलतं ठेवा. काय बोलतात ते जाऊ दे. एकदा गप्प बसायची सवय लागली, की जीभ परत वळवणं फार कठीण."

घराने हे मनावर घेतलं. आत्याशी सगळे सतत बोलायचे आणि तिला बोलायला लावायचे. बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. ते म्हणायचे, नवा चष्मा चार दिवस खुपतो, मग नाकावर आहे हेही कळत नाही. तसंच झालं. आत्याचं बोलणं घराच्या कानाला इतकं सरावलं, की नळ चालू असतानाही आई स्वयंपाकघरातून तिला बरोबर उत्तर द्यायची. ती आता वेगळं बोलते, हेच सगळे विसरून गेले.

अशातच सीडी प्लेअरने जीव सोडला. तसंही डाव्या हाताने तबकडी बसवताना आत्याची फार तारांबळ व्हायची.

"आता तबकड्याच नकोत," बाबांनी जेवताना जाहीर केलं. "इंटरनेटवरून चालणारं काहीतरी आणू. गाणी, व्हिडिओ, सगळं त्यातच."

"टीव्हीला मागे खोचायची कांडी मिळते," भिंगरी म्हणाली. "नाहीतर छोटी पेटी मिळते, रिमोटवाली. नाहीतर बोलका स्पीकर. त्याला नुसतं सांगायचं, हे लाव. तो टीव्हीलाही सांगतो."

"बोलकाच बरा," आई म्हणाली. "ताईंना हात लावायला नको. बोललं की झालं."

"मला चालेल," आत्या म्हणाली. "फक्त पोहण्याच्या शर्यती दिसल्या पाहिजेत. आणि मी कोणाला हाका मारत बसणार नाही."

या शेवटच्या वाक्यावरच सगळं ठरलं. झटक्यानंतर प्रत्येक गोष्टीसाठी तिला कोणाची ना कोणाची वाट बघावी लागायची. निदान काय ऐकायचं, काय बघायचं, एवढं तरी तिचं तिला करता यावं, अशी सगळ्यांची मनापासून इच्छा होती.

तिघं दुकानात गेली. परत आल्यावर भिंगरीने जे रंगवून सांगितलं, ते मी ऐकलं. विक्रेता म्हणाला, बोला, काहीही बोला. आई सर्दीने भरलेल्या नाकाने बोलली, त्याला कळलं. बाबा अंघोळ करताना गातात त्या आवाजात बोलले, कळलं. भिंगरी तोंडात अख्खं बिस्किट कोंबून बोलली, तेही कळलं.

"मग म्हटलं, आपल्या घरात याच्याहून वाईट काय होणार," बाबा म्हणाले.

नवा स्पीकर टीव्हीशेजारी बसला. मला उचलून कपाटाच्या खालच्या खणात ठेवलं आणि माझ्या डोक्यावर मनी प्लांटची कुंडी आली. मला त्याचं सुखदुःख नाही. नोंद म्हणून सांगतो.

आत्या खुर्ची पुढे सरकवून बसली आणि म्हणाली, "पोहण्याच्या शर्यती लाव."

स्पीकरच्या कडेचा दिवा गोल फिरला. "माफ करा, मला ते समजलं नाही."

ती पुन्हा म्हणाली. दिवा फिरला, आणि त्याने उद्याचं हवामान सांगायला सुरुवात केली.

"ढगाळ आहे म्हणे," आत्या म्हणाली. "विचारलं नव्हतं, पण बरं झालं कळलं."

सगळे हसले. आत्याही हसली. पुढचे काही दिवस हा घरातला विनोदच होता. मात्र विनोद रोज संध्याकाळी झाला, की त्याचा विनोद राहत नाही. आत्या बोलायची, स्पीकर माफी मागायचा, आणि मग भिंगरी धावत येऊन तेच वाक्य स्वच्छ आवाजात त्याला सांगायची. त्याला लगेच कळायचं. बाबा शेजारी बसून शिकवू लागले, "ताई, हळू बोल. एकेक अक्षर सुटं कर." जिने आयुष्यभर दुसऱ्यांना हातपाय सुटे करायला शिकवलं, ती मान खाली घालून अक्षरं सुटी करत बसायची. स्पीकर अत्यंत नम्रपणे माफी मागायचा.

मग आत्याने त्याच्याशी बोलणं सोडलं. त्यानंतर चहा हवा असेल तर ती कपाकडे बोट दाखवू लागली. मग खिडकीकडे बोट, पंख्याकडे बोट. सरावाच्या बाई आल्या, तासभर बसल्या आणि जाताना दारात थांबल्या. "यांचं बोलणं कमी झालंय," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं होतं तुम्हाला." बाबांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या दुपारी भिंगरी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि आत्याच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली. ती बसली, हीच मोठी बातमी होती.

"आत्या, तू माझ्याशीसुद्धा बोलत नाहीस."

आत्याने टीव्हीशेजारच्या स्पीकरकडे बोट दाखवलं. मग आत्या म्हणाली, "मी अशी बोलते, हे मला कोणी सांगितलं का नाही?"

"अशी म्हणजे?"

"त्याला कळत नाही अशी."

"मला कळतं की."

"तुम्हा सगळ्यांना कळतं, म्हणून तर मला वाटलं मी बरी झाले."

भिंगरीने ओठ चावला. "आत्या, शप्पथ सांगते, आम्हालाही तेच वाटलं. दुकानात आम्ही तिघंच बडबडलो. तुला न्यायला पाहिजे, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. तू नीटच बोलतेस, असं आमच्या कानांनी परस्पर ठरवून टाकलं."

आत्याने तिच्याकडे बघितलं. "मग आता ने."

दोन दिवसांनी स्पीकर त्याच्या खोक्यात परत गेला आणि आत्या दुकानात गेली. तिथलं वर्णनही भिंगरीचंच. आत्याने सगळे रिमोट ओळीने मांडायला लावले, डोळे मिटले आणि डाव्या हाताने एकेक चाचपला. एकावर इतकी बटणं होती, की ती भिंगरीच्या कानात म्हणाली, "यात पोहणारा बुडेल." विक्रेता सांगत होता, हे फोनवरूनही चालतं. आत्या कानातच म्हणाली, "फोन सापडला तर." शेवटी तिने एक लहान पेटी निवडली. तिच्या रिमोटवर मोजकी, उंच उठलेली बटणं होती आणि अंगठ्याला सगळी सापडत होती. आवाजासाठी टीव्हीतून एक वायर काढून घरचा जुना अँप्लिफायर जोडता येईल, असंही कळलं. पण दुकानात आत्या जे काही बोलली, ते फक्त भिंगरीच्या कानात. विक्रेत्याशी ती एक शब्दही बोलली नाही.

पेटी बसवायला एका दुपारी तोच विक्रेता घरी आला. त्याने कुंडी उतरवली, माझ्यावरची धूळ फुंकली आणि स्वतःच शिंकला.

"हा ठेवायचाय? याच्याहून नाजूक मिळतात आता."

"वाजतो तो," बाबा म्हणाले.

त्याने वायरी जोडल्या, टीव्हीवर कसलंसं गाणं लावून बघितलं आणि मला परत खालच्या खणात ढकलायला वाकला. खुर्चीतून आत्या काहीतरी म्हणाली. त्याला कळलं नाही. त्याने सवयीने भिंगरीकडे बघितलं. भिंगरीने तोंड उघडलं. आत्याने डावा हात वर केला, आणि भिंगरीने ते मिटलं.

खोलीत गाणं चालूच होतं. आत्याच्या मानेवर घाम आला होता. ती तेच पुन्हा म्हणाली. आता आई, बाबा आणि भिंगरी तिघंही तिच्याकडे न बघता कुठेतरी दुसरीकडे बघत होते. बाबा तर पडदा नीट करत होते.

विक्रेत्याने माझं बटण फिरवून आवाज पार बंद केला आणि तिच्यासमोर मांडी घातली. "परत सांगा ना. मी वायरीत होतो."

"तो खाली नको," आत्या म्हणाली. "वर. इथे." तिने डाव्या हाताने शेजारच्या स्टुलावर थोपटलं.

"वर? पण मग वायरी दिसतील हो."

"दिसू देत."

"बरं दिसणार नाही."

"मला बघायच्या नाहीयेत. मला बटण फिरवायचंय."

तो हसला आणि उठला. "बरोबर आहे तुमचं," म्हणत त्याने मला उचललं, वजनाने जरा कळवळला आणि स्टुलावर ठेवलं. मग पेटीबद्दल तिने त्याला आणखी बरंच काही विचारलं. काही त्याला पहिल्यांदा कळलं, काही दुसऱ्यांदा. एका प्रश्नाला बिचारा फारच अडखळला, तेव्हा तिने तो न चिडता वेगळ्या शब्दांत विचारला. भिंगरी सगळा वेळ हाताची घडी घालून उभी होती. तिच्यासाठी ही मोठीच शिक्षा होती.

तेव्हापासून मी इथे आहे, आत्याच्या डाव्या हाताशी. संध्याकाळी शर्यती लागतात, आणि पडद्यावरच्या पोहणाऱ्यांना आत्या इतकं रागावते, की आईला दार ओढून घ्यावं लागतं.

मित्रांनो, माझ्या मागच्या जाळीतली धूळ अधूनमधून पुसत जा आणि माझ्या डोक्यावर कुंडी ठेवू नका, मी तापतो. यंत्र म्हणून माझं मागणं एवढंच. पण घरातल्या कोणासाठी काही घ्यायचं ठरलं, तर त्या माणसाला बरोबर न्या. आणि कोणाचं बोलणं कळलं नाही, तर समोर बसून परत विचारा. मी आयुष्यभर आवाज मोठे करत आलो, पण त्या दुपारी आत्याचं वाक्य त्या विक्रेत्यापर्यंत पोचलं, ते मी बंद असताना.