बरणीतला मंगळ

ताडकळसच्या बाजारात पंकजचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान. या पठ्ठ्यानं जोडलेली नळी कधी गळत नाही, कुणालाही विचारा. म्हणून तर त्याच्या धाकट्या बहिणीनं, ऋतुजानं, परभणीच्या कॉलेजातला प्रयोग उचलून थेट त्याच्या टेबलावर आणून ठेवला. पृथ्वीवरचं साधं शेवाळ मंगळासारख्या विरळ हवेत जगतं का, तेवढं तिला बघायचं होतं.

"दादा, बरणीतली हवा ओढून घे अन् थोडा कार्बन डायऑक्साइड सोड. पण बाहेरची हवा जराशी जरी आत गेली, तर दोन महिन्यांची मेहनत पाण्यात. सोमवारी सरांना आकडे दाखवायचेत."

"तू कुणाला सांगायलीस!" पंकज फुशारला.

बरणीत शेवाळ होतं आणि त्याला कार्बन डायऑक्साइड पुरत राहावा म्हणून खायचा सोडा घातलेलं थोडं पाणी. पंकजनं दुकानातल्या पंपानं हवा ओढली, शेजारच्या विरेशच्या सोडावॉटरच्या दुकानातला गॅस बेतानं सोडला आणि झाकणावर दाब दाखवणारं गेज बसवलं. उन्हानं तापू नये म्हणून बरणी खिडकीशी पाण्याच्या बादलीत ठेवली.

आणि शुक्रवारी दुपारी बघतो तर काय, गेजचा काटा वर सरकलेला! काटा चढला म्हणजे हवा शिरली, मेकॅनिक माणूस दुसरं काय समजणार?

"काय रे, मंगळ पंक्चर झाला का?" विरेशनं डोकावून विचारलं.

"गप बस की!"

पंकजनं जोडाजोडावर साबणाचा फेस लावला. फेस कुठंच आत ओढला जाईना. बहिणीला फोन करायची काही हिंमत झाली नाही. शटर ओढताना त्यानं काट्यापाशी पेनानं रेघ मारली आणि तोंड पाडून घरी गेला.

शनिवारी सकाळी काटा रेघेवरच! केसभरही हललेला नाही. अकराला खिडकीत ऊन आलं आणि गडी पुन्हा चढायला लागला.

"च्यामायला! लिकेज काय रात्री झोपतंय व्हय?"

त्यानं बादलीत थर्मामीटर बुडवून बघितला, पाणी तेवढंच गार. मग बरणीवर पोतं टाकलं आणि गिऱ्हाइकाला परत पाठवून तासभर समोर बसून राहिला. काटा ढिम्म. पोतं काढलं, थोडा वेळ गेला, आणि काटा निघाला वर! पंकजला इतका आनंद झाला की फोनचा नंबर दोनदा चुकला.

"दादा, हवा शिरली ना आत?" ऋतुजाचा आवाज आधीच रडवेला.

"शिरली न्हाई गं येडे! आतच तयार व्हायलीय! उजेड असला की श्वास टाकायलंय तुझं शेवाळ, अंधार केला की थांबायलंय."

पलीकडून वहीची पानं भराभर उलटल्याचा आवाज आला.

"ऋते, ऐकायलीस का? लय भारी झालंय बघ. तुझ्या मंगळावर कुणीतरी जित्तं हाय!"