झाकण नसलेली टोपली आणि ससाण्याचं धाकटं

मित्रांनो, मी एक जुनी वेताची टोपली आहे. हसायचं असेल तर आताच हसून घ्या. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण शाळा शिकलेल्यांच्या चादरी पुष्कळ वाहिल्या आहेत. कोण किती स्वच्छ, ते मला विचारा.

ज्या म्हाताऱ्यानं मला विणलं, त्याचा हात घट्ट होता. माझ्या अंगातून वारा जाई, पण उजेड आत येताना दहादा विचार करी. डोक्यावर नक्षीचं झाकण होतं. ते एका उन्हाळ्यात गच्चीवरून वाऱ्यानं नेलं. वाऱ्यानं नेलं, असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. वारा झाकण उचलतो आणि शेजारच्या चिमट्यांना हातही लावत नाही, हे मला पटलेलं नाही.

माझी मालकीण लाँड्रीवाली. तळमजल्यावर धुणं, सहा मजल्यांवर गच्ची, आणि मधल्या जिन्यात मी तिच्या कमरेवर. गिऱ्हाइकं म्हणत, "टोपली असावी तर अशी!" मग कपडे वाळवायचं यंत्र आलं आणि मी जिन्याखाली गेले. माझ्यात मोडके हँगर नि जोडी हरवलेले मोजे टाकू लागले. अंगात एकेकटा मोजा बाळगणं काय असतं, ते टोपलीलाच कळतं.

मला बाहेर काढलं ते ससाण्यांमुळे. गच्चीखालच्या सज्ज्यावर त्यांच्या जोडीनं घर केलं होतं आणि पिल्लं आता उडायच्या बेतात होती. पाखरांची काळजी घेणारी एक बाई येऊन लाँड्रीवालीला बजावून गेली, "पहिल्या उडीत एखादं रस्त्यावर येतंच. फडकं टाकून उचला, टोपलीत ठेवा, वर जाड झाकण घाला. अंधार झाला की ते शांत बसतं. तसंच गच्चीवर नेऊन सोडा. खाऊ घालू नका, घरात तर मुळीच नेऊ नका. आईबाप वरून बघत असतात."

"झाकण तेवढं नाही," लाँड्रीवाली म्हणाली. "बघू, टाकू चादरबिदर."

चादरबिदर! माझ्या डोक्यावर!

तर मी दाराशी पहाऱ्याला बसले. आणि पहिल्याच सकाळी तो आला. समोरच्या छपरावर कबुतरं पाळणारा. ससाणे त्याची कबुतरं उचलत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. तो भिंतीला टेकून वर बघत उभा राहिला, आणि काखेत पोतं.

"काय हो, इथं काही पुरून ठेवलंय का तुमचं?" लाँड्रीवालीनं विचारलं.

"वर बघतोय, ताई."

"वर बघायला पोतं लागतं?"

"लागलं तर असावं."

बघा! सरळ माणूस असं बोलतो का? त्या दिवसापासून मी पोत्यावरची नजर काढली नाही. थोरली पिल्लं उडून गेली. धाकटं राहिलं, डोक्यावर अजून कापूस चिकटल्यासारखं. पहिल्या मजल्यावरची लाँड्रीवालीची नणंद खिडकीतून मान उंच करकरून म्हणे, "अगंबाई, किती गोड! थंडी वाजत असेल हो त्याला." ती माणूस गोड. गोड माणसावर संशय घ्यायचा तरी कोणत्या बाजूनं?

एका सकाळी लाँड्रीवाली मला उचलून आत घेऊन गेली, माझ्यात राहिलेले मोजे झाडायला. नेमकं तेव्हाच बाहेर धप्प झालं. आम्ही बाहेर आलो तर फरशीवर कापसासारखं एक पीस, पिल्लू नाही, आणि पोतेवाला रस्ता ओलांडतोय.

लाँड्रीवालीनं पोत्याचं टोकच धरलं. "सोडा ते पिल्लू! मानेला हात लावला असेल ना, तर बघा!"

त्यानं पोतं उलटं करून झटकलं. चार दाणे पडले.

"मग कुठं गेलं ते?"

"मी आत्ता येतोय. मला काय विचारता? त्याच्या आईला विचारा की."

तेव्हा कुठं आम्ही वर पाहिलं. ससाण्याची मादी किंचाळत एकाच खिडकीवर पुन्हा पुन्हा झेपावत होती. पहिल्या मजल्यावरच्या. काखेत कळसा नि गावाला वळसा!

आम्ही धावत वर गेलो. स्वयंपाकघरात शेगडीजवळ नणंद बसलेली, मांडीवर शालीत गुंडाळलेलं धाकटं. चोचीवर दुधाचे ओघळ, डोळे अर्धे मिटलेले.

"पोरकं आहे हो, वहिनी. आईनंच ढकललं याला. मी वाढवीन."

"पोरकं? त्याची आई तुमची खिडकी फोडायला निघालीय, वन्सं!"

नणंद शेगडीपासून मागे सरली. "मेलं तर नाही ना माझ्यामुळं?"

"रडा नंतर. आधी ते फडकं द्या."

धाकटं माझ्यात आलं. लाँड्रीवालीनं वर पांढरी चादर टाकली. चादरीतून सगळा उजेड आत! ते धडपडलं, नख्यांनी माझे वेत ओरबाडू लागलं. अशानं पंख मोडतो. तेवढ्यात मागोमाग आलेल्या पोतेवाल्यानं वर पोतं टाकलं. अंधार झाला. धाकटं गप्प बसलं. त्याचं काळीज माझ्या तळाशी धडधडत होतं.

"टोपलीला झाकण नाही तुमच्या," जिना चढताना तो म्हणाला. "म्हणून आणत होतो रोज."

"तुमची कबुतरं खातात ना ते?"

"खातात. शिव्याही घालतो मी त्यांना. पण जमिनीवर पडलेल्याशी कसलं भांडण?"

गच्चीवर पोतं काढलं. धाकटं माझ्या काठावर चढून बसलं, नख्या रुतवून. टाकीवरून आईनं हाक दिली. नणंदही मागोमाग वर आली. आणि ते सुटलं! खाली गेलं, खाली गेलं, मग पंखाखाली वारा सापडला. नणंद तोंडात पदर कोंबून रडली. तो नख्यांचा ओरखडा आजही माझ्या काठावर आहे. कुणी पुसू नये.

मित्रांनो, दुसऱ्याचं लेकरू उचलण्याआधी एकदा वर बघत जा. आणि जुनी टोपली जिन्याखाली कोंबू नका, तिलाही मान असतो.

पोतेवाल्यावर संशय घेतला, ती चूक झाली माझी? छे! ऐका. गच्चीवरून मला समोरचं छप्पर दिसलं. तिथं कबुतराच्या खोक्यावर उन्हाला आडोसा म्हणून काय ठेवलं होतं? नक्षीचं, वेताचं. माझं झाकण! उगीच नाही त्याला ठाऊक, मला झाकण नाही ते.

मी आरडाओरडा करणारच होते. पण त्याच्याखाली कबुतराची पिल्लं चिवचिवत होती, उघडी, बिनपिसांची.

राहू दे. ती उडेपर्यंत मी काही बोलणार नाही.