हर्षालीची चौकशी

"काहीच विसरत नाही हो ती. लहानपणापासून फार व्यवस्थित," साळूबाई मोबाइलला म्हणाल्या आणि मी कपाळाला हात लावला.

मोबाइल जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला होता. पडद्यावर पुण्याच्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर स्वरदा. त्यांच्यासमोर सटाण्याहून पहिल्या एसटीने आलेल्या माझ्या सासूबाई, ठेवणीतली साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, पाठ अगदी ताठ. शेजारी त्यांची मुलगी आणि माझी बायको हर्षाली. वय एकोणचाळीस, नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात कॅज्युअल्टीची सिस्टर. ती मान खाली घालून टेबलक्लॉथचा दोरा ओढत होती.

"शाळेत वस्तू हरवायची का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! पेन्सिलीचा तुकडासुद्धा नाही."

या हर्षालीबरोबर मी सतरा वर्षं संसार केलाय. एवढ्या काळात तिने चार मोबाइल हरवले, दोन कुकर जाळले आणि एकदा मला सीबीएसच्या स्टँडवर उभं करून एकटीच सिडकोत घरी येऊन पोचली. मी पडलो कारकून, कागदाला कागद लावून ठेवणारा. तिला 'धांदरट' म्हणणं हा माझा रोजचा कार्यक्रम होता. त्याची आता लाज वाटते, ती इथेच सांगून टाकतो.

पण याच बाईला मी एकदा कामावर पाहिलं. डबा विसरली होती, तो द्यायला गेलो होतो. विंचूरकडे जीप उलटून नऊ माणसं एकदम आली होती. कुणी किंचाळतंय, कुणी रक्ताने माखलंय, नातेवाईक दारात धक्काबुक्की करतायत. आणि हर्षाली इतकी शांत, की मला ती क्षणभर ओळखूच आली नाही. एकाची शीर शोधता शोधता तिने दुसऱ्याच्या बायकोला खांद्याला धरून खाली बसवलं. आणि कोपऱ्यात एक जण गप्प पडला होता, त्याच्याकडे सगळ्यांच्या आधी तिचंच लक्ष गेलं. "सर, याला आधी घ्या. हा ओरडत नाहीये," ती म्हणाली. तो माणूस वाचला. डबा बाकावर तसाच राहिला, हे वेगळं सांगायला नको.

तिची अडचण सुरू व्हायची ती गर्दी ओसरली की. वेळ लिहायची, खूण करायची, सही करायची, तिथे तिचं मन पाखरासारखं उडून जायचं. मागच्या महिन्यात तिने एका पेशंटला इंजेक्शन दिलं, तक्त्यावर खूण करायची राहिली आणि पाव तासाने तेच इंजेक्शन भरून ती पुन्हा त्याच खाटेपाशी गेली. "सिस्टर, आत्ताच दिलं ना तुम्ही?" पेशंटच म्हणाला म्हणून बरं. झालं काहीच नाही. कुणाला कळलंही नसतं. हर्षाली स्वतःहून मेट्रनकडे गेली आणि सगळं लिहून देऊन आली.

घरी आल्यावर म्हणाली, "दीपक, मी निष्काळजी असेन ना, तर मी पेशंटजवळ उभंसुद्धा राहता कामा नये."

कॅज्युअल्टीतल्या एका तरुण डॉक्टरने तिला सांगितलं, की लक्ष एका जागी टिकत नाही असा एडीएचडी नावाचा प्रकार असतो, मोठ्या माणसांतही असतो, एकदा तपासून घ्या. नाशिकमधल्या डॉक्टरकडे जायला ती तयार नव्हती. इथल्या प्रत्येक दवाखान्यात तिला ओळखणारं कुणी ना कुणी निघतंच. म्हणून हे व्हिडिओवरचं. आणि तिने मला बजावून ठेवलं होतं, "आहे म्हणाल्या तर उपाय करीन. नाही म्हणाल्या तर एक तारखेला राजीनामा." ती बोलते ते करते.

दोन भेटी झाल्या. भल्यामोठ्या प्रश्नावल्या झाल्या, एक तिची आणि एक माझी. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "हे लहानपणापासून असावं लागतं. त्याचा काही आधार मिळाल्याशिवाय मी निदान करणार नाही. तेव्हाचं सांगणारं कोण आहे?" सासरे राहिले नाहीत. शाळेची प्रगतिपुस्तकं कधीच हरवलेली, ती कुणी हरवली ते ओळखा. उरल्या साळूबाई.

फोन मी केला आणि घोळही मीच घातला. म्हणालो, "आई, डॉक्टरबाई हर्षालीची चौकशी करणार आहेत. तुम्हाला यावं लागेल." आता आमच्याकडे मुलीची चौकशी करायला कुणी आलं की काय सांगायचं, हे आईला शिकवावं लागत नाही. घरात दिवसभर पोरीच्या नावाने खडे फोडील, पण बाहेरच्या माणसासमोर तिच्याइतकी गुणी मुलगी पंचक्रोशीत नसते. सतरा वर्षांपूर्वी मी हर्षालीला बघायला गेलो, तेव्हा याच साळूबाई मला म्हणाल्या होत्या, "लहानपणापासून फार व्यवस्थित." मी विश्वास ठेवला होता.

"म्हणजे तिच्या विसरण्याचा घरात कधी त्रास झाला नाही?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"कसला त्रास? गुणाची पोर."

डॉक्टरांनी खाली बघून काहीतरी लिहिलं. मला राहवेना. मी तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "तुमचं मी ऐकलंय. आता त्यांना बोलू द्या."

दोरा ओढणारा हर्षालीचा हात थांबला होता. तिचा चेहरा इतका पडलेला मी तिचे वडील गेले तेव्हाही पाहिला नव्हता. ती आईकडे वळली.

"आई, या मला बघायला नाही आलेल्या. तू असं चांगलं चांगलं सांगितलंस तर त्या म्हणतील, हिला काहीच नाही. मग मी नोकरी सोडणार."

"सोडणार? का म्हणून?"

"कारण मग मी नुसतीच बेफिकीर ठरते. तू म्हणायचीस तशी."

साळूबाईंनी माझ्याकडे बघितलं. जावयासमोर कसं बोलायचं, हा त्यांचा पेच होता. मी म्हणालो, "आई, मला सगळं माहीत आहे. तुम्ही बोला."

त्यांच्या डोक्यावरचा पदर घसरला, तो त्यांनी सावरला नाही. मघापासून जपून बोललेली शहरी भाषाही त्यांनी सोडून दिली.

"नऊ वरीसनी व्हती," त्या म्हणाल्या. "कांद्याच्या रोपाले पाणी चालू व्हतं. तिले सांगं, वाफा भरना का पाणी दुसरीकडे वळव. मी येऊन पाहस त सगळं रोप पाण्याखाले. आन् ही बांधवर बठी मुंग्या पाहत! साऱ्या वरीसनं रोप गयं."

"मग तुम्ही काय केलंत?" डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं.

"मारं. निंबाच्या फोकानं, हातवर. एकदा नही बाई. दप्तर इसरी, मारं. दूध उतू गयं, मारं. रडे, म्हने, आई, मी मुद्दाम नही करं वं. माले खरंच वाटे ना."

शाळेचं, खेळण्याचं, घरकामाचं असं डॉक्टरांनी आणखी बरंच विचारलं. साळूबाईंनी आता काही झाकलं नाही. मग डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, ती मुद्दाम करत नव्हती. लक्ष एका जागी धरून ठेवणं तिच्या मेंदूला इतरांपेक्षा जड जातं. मार देऊन ते बदलत नाही."

मग त्या हर्षालीशी बोलल्या. "मी रिपोर्टमध्ये एडीएचडी लिहिणार आहे. आणि निष्काळजी माणूस आपली चूक स्वतः लिहून देत नाही, हे लक्षात ठेवा. औषधाचं प्रत्यक्ष भेटीत ठरवू. तोवर तक्ता हातात घेतल्याशिवाय सिरिंज भरायची नाही, आणि हे मेट्रनलाही सांगून ठेवायचं."

"औषधाच्या आधी बीपी आणि ईसीजी लागेल ना?" हर्षाली डोळे पुसत म्हणाली. "उद्या ड्यूटी सुरू व्हायच्या आधी काढून पाठवते."

डॉक्टर हसल्या. मला माझ्या बायकोचा इतका अभिमान वाटला, की तो लपवायला मी उगाच पाणी प्यायलो.

पडदा बंद झाला. साळूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"मुद्दाम नव्हती करत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दीपकराव, मंग मी तिले कशाले मारं?"

 

साळूबाईंनी हर्षालीचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. बोटं एकेक करून उघडली, तळहात जवळ धरून बराच वेळ पाहिला आणि त्यावर हळूच फुंकर घातली.

"आई, आता नाही दुखत," हर्षाली म्हणाली.

"गप बस वं," साळूबाई म्हणाल्या आणि पुन्हा फुंकर घातली.