शिलाई मशीनचा खण

पाइपलाइनच्या कामावर वेल्डरला मातीत एक चकचकीत तुकडा सापडला. बोटाच्या पेराएवढा, पण चांगलाच जड. डब्याच्या पिशवीत टाकून त्याने तो घरी आणला आणि बायकोपुढे धरला.

"तुझे कागद उडतात ना? घे."

ती घरीच कपडे शिवायची. तिला तो फार आवडला. कापड बेतताना कागदावर ठेवायची, काम झालं की मशीनच्या खणात, अगदी पोटाशी. शाळेच्या गणवेशांची घाई होती. ती दिवसभर मशीनवरून उठत नव्हती.

आठवड्याभरात उलट्या सुरू झाल्या. औषध आणायला तो निघणार, तेवढ्यात कामावरची माणसं पाइपचे सांधे तपासायच्या यंत्रातून पडलेला किरणोत्सारी तुकडा शोधत दारात आली. त्यांच्या हातातलं किरणं मोजायचं यंत्र उंबऱ्यावरच कडकडायला लागलं. मशीनजवळ तर त्याने आकांत मांडला.

इस्पितळात दोन दिवसांनी उलट्या थांबल्या. तिला भूकही लागली.

"अहो, घरी चला. गिऱ्हाइकं माझ्या नावाने खडे फोडत असतील."

तो हसला आणि घरी सोडायचं विचारायला डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाईंनी त्याला बाकावर बसवलं.

"हे बरं वाटणं थोड्या दिवसांचं आहे. त्यांच्या शरीरात नवं रक्त तयार होणंच थांबलंय."

"पण आम्ही एकाच घरात राहतो! तो तुकडा मीच आणला. मला कसं काही नाही झालं?"

"तुम्ही थोडा वेळच हाताळलात. दिवसभर कामावर, रात्री पलीकडच्या खोलीत. त्या मात्र तासन्‌तास त्याला चिकटून बसल्या. लांब एखाद्या फळीवर असता, तरी..."

"तरी काय?"

"तरी काही आशा धरता आली असती."

तो आत गेला.

"कधी सोडतायत?" तिने विचारलं.

"परवा."

परवापर्यंत तिचे केस मुठीमुठीने उशीवर आले होते. मग ताप चढला, बोटं काळवंडली. जंतू लागू नयेत म्हणून तिला काचेपलीकडे ठेवलं. एका संध्याकाळी तिने काचेपलीकडून बोलायला ठेवलेला फोन उचलायची खूण केली.

"तुमचं रक्त तपासलं?"

"हो. चांगलं आहे."

"सुटले बाई," ती म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली.

रिसीव्हर कानाला लावून तो तसाच उभा राहिला. पुढच्या आठवड्यात ती गेली. सहा महिन्यांनी पुन्हा तपासायला या, असं डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितलं. तो गेला नाही.