वाघोबाचं बिऱ्हाड

या, सरका जरा पुढं. कीर्तनाला बुवांच्या पायाशी बसतात तसे बसा. वाघाची गोष्ट सांगायची आहे. पण भिऊ नका, हा वाघ हसरा आहे आणि त्यानं आजवर खडूशिवाय काही खाल्लेलं नाही.

विमलबाईंनी फडकं भिजवलं, पिळलं आणि त्या फळ्याकडे वळल्या. तोच गोदा उठली आणि फळ्याला पाठ लावून उभी राहिली. आठ वर्षांची काटकुळी पोर, पण पाय असे रोवलेले की खांबच.

"बाजूला हो गं."

"नाय."

"अगं, फळा पुसायचाय मला."

"देव हाय त्यो."

बाईंनी खाली पाहिलं. फळ्याच्या पायाशी झेंडूची फुलं होती, पळसाच्या पानावर चिमूटभर तांदूळ होते, खोबऱ्याचा एक तुकडा होता. आज वाघबारस. वर ठाकरवाडीत आज वाघदेवाला शेंदूर लावतात, निवद दाखवतात, आणि बाईंना नेमकं काल याची आठवण झाली नव्हती. पोरं मोजायला कंटाळली म्हणून त्यांनी काल फळ्यावर एक ढेरपोट्या वाघ काढला होता. सहा मिशा, सात पट्टे, आणि कानापासून कानापर्यंत हसू. पोरं हसहसून लोळली होती. आज तीच पोरं हात जोडून बसली होती.

कोंडाण्याच्या लेण्यांच्या पायथ्याची ही शाळा म्हणजे एक खोली, एक फळा आणि चौदा पोरं. साल सेहेचाळीस. दुपारी शाळा तपासायला डेपुटीसाहेब यायचे होते. गेल्या खेपेला ते जाताना स्वच्छ सांगून गेले होते, "या मुलांना काही येत असेल तर दाखवा, बाई. नाहीतर दिवाळीनंतर शाळा उघडायची गरज नाही." फळ्यावर बेरजा मांडायच्या होत्या, आणि फळ्यावर देव बसला होता.

बाईंनी हात उचलला. पोरांनी डोळे घट्ट मिटून घेतले. सगळ्यात जास्त खिदळणाऱ्या पोशानं तर तोंडच भिंतीकडे फिरवलं. बाईंचा हात तसाच राहिला. फडक्यातलं पाणी त्यांच्या पावलांवर ठिबकत होतं. कडाव गावच्या देवळात कीर्तनाचे बुवा म्हणाले, देव भावाचा भुकेला, की मान डोलवण्यात बाई सगळ्यांच्या पुढं. त्यांनी फडकं बादलीत टाकलं.

"गोदे, देवाला दुसरीकडं नेता येतं का गं?"

गोदानं विचार केला. "येतं की. दरड आली तवा आमच्या आज्यानं न्हेला हुता. पन वाजवत न्यावा लागतो."

"मग वाजवत नेऊ. घ्या पाट्या."

पोशानं दोन करवंट्या पैदा केल्या. बाईंनी पदर खोचला आणि कीर्तनाच्या चालीवर सूर धरला:

"आधी काढा गोल पोट,
वर ठेवा जाड ओठ,
मिशा सहा, पट्टे सात,
हसू द्या, दिसोत दात!"

चौदा पाटीपेन्सिली करकरू लागल्या. बाई एकेकाचा हात धरून पोट वळवून देत होत्या. कुणाच्या वाघाला शेपूट पुढून फुटलं, कुणाचा एक डोळा पाटीच्या लाकडावर गेला.

"पोशा, तुजा वाघ गरवार हाय रं," धाऊ म्हणाला.

"गरवार नाय. वाघबारशीचं जेवलाय."

"आन् मिशा बग. माज्या बापालाबी येवड्या नायत."

करवंट्या आळीपाळीनं वाजत राहिल्या, पद पुन्हा पुन्हा म्हटलं गेलं. शेवटचा वाघ हसला तेव्हा गोदानं फळ्याला वाकून नमस्कार केला, फुलं आणि खोबरं उचलून खिडकीत ठेवलं.

"आता पुसा बाई. गेला त्यो."

बाईंनी फळा लख्ख पुसला.

साहेब सायकलवरून आले. घाम पुसला, खुर्चीत बसले.

"पाट्या पुसा. लिहा, सहा अधिक सात."

कुणी हललं नाही. चौदा पाट्या चौदा छात्यांशी आवळल्या गेल्या. सकाळपासून बाईंच्या डोक्यात फक्त फळा होता. पाट्यांचं काही ध्यानातच आलं नव्हतं.

"पुसा म्हटलं ना?"

"नाय पुसायची," पोशा म्हणाला.

"का रे?"

"वाघ हाय."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई काही बोलणार, तेवढ्यात गोदा उठली. पाटी काखेत धरून ती थेट फळ्यापाशी गेली. त्या फळ्याला आजवर एकाही पोरानं खडू लावला नव्हता. ती टाचा उचलून उभी राहिली, ओठातल्या ओठात पुटपुटली, "मिशा सहा, पट्टे सात," आणि बोटं मोजून तिनं तेरा लिहिले. एक मोठा, तीन त्याहून मोठा.

मग रांगच लागली. पुढच्या बेरजेला धाऊ, त्याच्या पुढच्या बेरजेला ठकी. पोशानं नऊ उलटा काढला. सगळी हसली, तसा त्यानं तळहातानं पुसून सुलटा केला. खडू कोणा एकाच्या हातात राहीना.

मग साहेबांनी गोदाची पाटी मागून घेतली, दोन्ही हातांनी.

"हा का हसतोय गं?"

"जेवलाय ना."

तिनं खिडकीतला खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो खाल्ला, शेरेबुकात चार ओळी लिहिल्या, वही मिटून बाईंकडे दिली आणि सायकल काढली.

सायकल वळणाआड गेल्यावर बाईंनी वही उघडली.

'मुलांना बेरजा येतात. शाळा चालू ठेवावी. चौदा नव्या पाट्या पाठवाव्यात. जुन्या रिकाम्या नाहीत.'

खाली सही होती, ती मात्र कुणाला लागली नाही. अजूनही लागत नाही. म्हणून देवापुढं हात जोडाल, त्या वेळी त्या न वाचता आलेल्या नावाच्या माणसाची तेवढी आठवण ठेवा.